केरी नको, आंबा पाहिजे!

आंब्यातलं मला सगळं कळतं. हे मत माझं एकट्याचं आहे, पण ठाम आहे.

मी राजापूरचा. राजापूरच्या माणसाला आंब्याविषयी कुणी काही सांगू लागलं, तर तो हसून ऐकून घेतो आणि मनातल्या मनात त्या माणसाला माफ करतो. माझं सासर मात्र सुरतेत. म्हणजे मूळचं खानदेशातलं, अमळनेराकडचं. पण सासरे तरुणपणी कापडाच्या गिरणीत लागले ते सुरतेतल्या गोडादऱ्यातच राहिले. आता तिथे माझा मेहुणा दिगंबर राहतो, साड्यांना लेस लावायचं काम करतो आणि मला 'दाजी' म्हणतो. त्याच्या मुलीचा, काजलचा, साखरपुडा ठरला तेव्हा मी आणि माझी बायको वैजू कोकणातून सुरतेला निघालो. मे महिना होता. सोबत मी हापूसची पेटी घेतली नव्हती, कारण त्या वर्षी आमच्याच बागेतल्या आंब्यांनी दगा दिला होता. (हे मी सुरतेत कुणाला सांगितलं नाही. वैजूने सगळ्यांना सांगितलं.)

वलसाड आलं आणि फलाटावर आरोळी ऐकू आली, "हाफूस! वलसाडी हाफूस!"

मी खिडकीतून त्या विक्रेत्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने माझ्या अंगातला शर्ट घालून मलाच रस्ता विचारला.

"एक चाखून तर बघा," वैजू म्हणाली.

"हापूस कोकणाबाहेर पिकत नाही. जे पिकतं ते दुसरं काहीतरी असतं."

तिने एक घेतला. मी चाखला. चांगला होता. मी तोंड वाकडं करून म्हटलं, "ठीक." आणि कोय अगदी पांढरी होईपर्यंत चोखली.

गोडादऱ्यात पोचलो तर घरात गंभीर वातावरण. नवऱ्या मुलाचे वडील, आप्पा, यांनी हुंडा नको, मानपान नको, आहेर नको असं सांगून टाकलं होतं. फक्त एक गोष्ट हवी होती. "रसाचं जेवण झालं पाहिजे." खानदेशातला माणूस! उन्हाळ्यात रस आणि खापरावरचे मांडे मिळाले नाहीत, तर तो त्याला जेवण म्हणत नाही, फराळ म्हणतो. शिवाय मुलगी बघायला आले तेव्हा इथे आप्पांना रसाऐवजी बाटलीतलं सरबत दिलं गेलं होतं, आणि ते आप्पा अजून विसरले नव्हते.

"दाजी, रस बिघडला तर काम बिघडलं समजा," दिगंबर कपाळावरचा घाम पुसत म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दिगंबर, तू मांडवाचं बघ. आंबा माझ्याकडे."

"मी ठरवलंय ना एका दुकानात. फोन केला की पेट्या..."

"दुकानातला आंबा?" मी एवढ्या जोरात म्हटलं, की स्वयंपाकघरातून काजल बाहेर आली. "आंबा बागेत जाऊन, झाडाखाली उभं राहून, चाखून निवडायचा असतो. त्या दुकानदाराला नाही म्हणून सांग."

दिगंबरने फोन करून पेट्या रद्द केल्या. (या सगळ्या प्रकरणात त्याची चूक एवढीच.)

"मग वैजूला सोबत न्या. तिला भाषा येते."

"भाषेचं काय? आंबा स्वतः बोलतो."

आणि तसं पाहिलं तर गुजराती मला येतच होती. मराठी वाक्य बोलायचं आणि शेवटी 'छे' लावायचं. इतकी वर्षं सासरी याच्यावर निभावलं होतं. सासरची माणसं माझ्याशी मराठीत बोलायची, हा भाग वेगळा.

साखरपुडा रविवारी होता. शुक्रवारी सकाळी मी दिगंबरची स्कूटर काढली आणि कामरेजच्या रस्त्याला लागलो. हायवे सोडून थोडं आत गेलं की आंब्याच्या वाड्या सुरू होतात. एका वाडीच्या दारात पाटी होती. गुजराती अक्षरं मला जुळवून वाचता येतात. 'केरी मळशे.'

कैरी मिळेल! मी हसलो. लोणच्यासाठी आलेल्या लोकांची ही रांग असणार. त्या रांगेतल्या बायकांकडे दयेने बघत मी सरळ आत गेलो.

आत बचुकाका नावाचे मालक खाटेवर बसले होते. पांढरा सदरा, चेहऱ्यावर दुपारच्या झोपेची तयारी. मी सांगितलं, "आंबा बघायचा छे."

काका उठले आणि पुढचा तासभर मी जे अनुभवलं, त्याबद्दल राजापुरात आजही बोलत नाही. त्यांनी चाकू घेतला आणि एकेक फळ चिरून फोड पुढे करायला सुरुवात केली. "आ केसर." केशरी गर, आणि वास असा, की शेजारच्या खाटेवरचं मांजरही उठून बसलं. "आ लंगडो." साल हिरवीगार, कच्चा म्हणून मी परत करणार होतो, आत मध! "आ सोनपरी. आ वनराज. आ दशेरी." प्रत्येक फोडीनंतर मी जाणकाराप्रमाणे डोळे मिटत होतो. खरं म्हणजे ते आपोआप मिटत होते. मग त्यांनी एक फळ दोन्ही हातांनी उचलून आणलं. एवढं मोठं, की मला आधी भोपळा वाटला.

"आ राजापुरी."

"राजापुरी?" मी ताडकन उभा राहिलो. "अहो, मी राजापूरचा छे!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग फळाकडे पाहिलं. आमच्यात त्यांना काही साम्य दिसलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली. (त्या आंब्याचा आमच्या गावाशी काय संबंध आहे, मला माहीत नाही. आमच्या गावात तसला आंबा मी जन्मात पाहिलेला नाही. पण त्या क्षणी मला तो सख्खा वाटला.)

"तो साहेब, केटली केरी लई जशो?" काकांनी विचारलं.

"केरी नको!" मी हात हलवले. "केरी नाही पाहिजे छे. आंबा! आंबा पाहिजे!"

काका थबकले. "आंबा?"

"आंबा!"

काकांचा चेहरा उजळला. झोपेची तयारी कुठल्या कुठे गेली. त्यांनी माझ्यासाठी ताक मागवलं. केरी न घेता आंबा मागणारं गिऱ्हाईक त्यांना क्वचित भेटत असावं, आणि आपली पारख त्यांच्या लक्षात आली म्हणून मलाही धन्य वाटलं.

"कई कई जातना?"

"सगळ्या! पाच केसर, पाच लंगडा, पाच राजापुरी, सोनपरी पण पाच," मी पेट्या मोजल्या.

"कलमी के देशी?"

"कलमी! आम्ही कलमीशिवाय खात नाही."

"मोटा के नाना?"

"मोटा!"

"सरस. मोटामां फळ जलदी आवशे."

"जलदीच यायला पाहिजे छे! रविवारी सकाळी नऊला!"

काका खाटेवर आडवे होईपर्यंत हसले. माणूस गमत्या दिसतो, असं मला वाटलं. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं, हे नंतर कळलं.

"जग्या छे ने तमारे?"

"जागा भरपूर छे."

"खाडा तैयार छे ने?"

खाडा? म्हणजे हा माणूस ऐनवेळी दांडी मारायच्या विचारात होता तर! मी आवाज चढवला. "खाडा अजिबात नाही! एक पण खाडा चालणार नाही छे!"

"एक पण नथी?" काका गोंधळले.

"एक पण नाही!"

त्यांनी डोकं खाजवलं. "पाणी तो आपशो ने?"

आता मात्र मला राग आला. रसात पाणी घालणाऱ्यांतला मी दिसतो का? "एक थेंब पाणी नाही घालणार! एक थेंब नाही!"

"तो तो सुकाई जशे, साहेब!" काका कळवळून म्हणाले. ते एवढे का कळवळले ते मला कळलं नाही. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "काळजी करू नका छे."

"खातर जोईए?"

"खातर तर पाहिजेच!" खातरदारीसाठीच तर एवढी धावपळ चालली होती. "एकदम उत्तम खातर! व्याह्यांनी नाव काढलं पाहिजे!"

"केटली गूणी?"

मला भरून आलं. अनोळखी माणूस, पण मुलीची चौकशी करत होता. "खूप गुणी!" मी म्हटलं. "काय सांगू काका, खूप, खूप गुणी!"

काकांनी 'खूब' असं पुटपुटत बोटांवर काही मोजलं. मग एकूण भाव सांगितला. तो एवढा वाजवी होता, की मी घासाघीसही केली नाही. राजापूरचा माणूस म्हणून सवलत दिली असेल, असं समजून मी पैसे दिले, गोडादऱ्याचा पत्ता आणि रविवारी सकाळी नऊची वेळ लिहून दिली, घरी आलो आणि रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं, "तुम्ही इतकी वर्षं सुरतेत राहून लुटले जाताय. मला विचारत जा."

रविवार उजाडला. गल्लीत मांडव पडला होता. एका बाजूला चुलीवर खापर तापलं होतं आणि शांताक्का नावाच्या शेजारणीने मांडे टाकायला सुरुवात केली होती. हातावर झुलवत झुलवत ती मांडा असा मोठा करत होती, की बघतच राहावं. रसाचं मोठं पातेलं धुऊन, पुसून, रिकामं, वाट बघत होतं. मी नवा सदरा घालून गल्लीच्या तोंडाशी उभा होतो.

बरोबर नऊला टेम्पो आला. मी लांबूनच ओरडलो, "दिगंबर, आंबे आले!"

टेम्पो जवळ आला. त्यावर पानं हलत होती. आंबे ताजे राहावेत म्हणून पाल्यात घालून पाठवले, काय व्यवस्थित माणूस! मग टेम्पो थांबला, फळी खाली पडली, आणि ड्रायव्हरने काळ्या पिशवीतलं छातीएवढं एक झाड उचलून माझ्यासमोर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

 झाडांमागून झाडं उतरत होती. मांडवाच्या दारात एक छोटं जंगल उभं राहिलं.

"दाजी," दिगंबर अगदी हळू म्हणाला, "आंबे कुठायत?"

ड्रायव्हरने अभिमानाने हात पसरला. "आ रह्या आंबा!"

"पण केरी? केरी क्यां छे?" दिगंबरने त्याला विचारलं.

"केरी?" ड्रायव्हर म्हणाला. "केरी तो त्रण-चार वरस पछी आवशे ने!"

शांताक्काचा मांडा हातातल्या हातात फाटला. "दखा वं माय," ती म्हणाली, "फुवा तं झाडेच लई उनात! आते रस कव्हय निंघी?" (फुवा म्हणजे आत्याचा नवरा. म्हणजे मी.)

वैजू गर्दीतून वाट काढत आली. तिने झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत शांत आवाजात, म्हणजे सर्वांत धोक्याच्या आवाजात विचारलं, "तुम्ही तिथे नेमकं काय मागितलंत?"

"आंबा."

"अहो, गुजरातीत आंबा म्हणजे झाड! फळाला केरी म्हणतात."

"आणि कैरीला?"

"काची केरी."

माझ्या पायांखालची गल्ली हलली. "मग खाडा म्हणजे?"

"खड्डा."

"आणि... गूणी?"

"पोतं. का?"

"आणि खातर?" मी विचारलं. पण उत्तराची गरज उरली नाही. टेम्पोच्या तळाशी होती ती पोती ड्रायव्हर उतरवू लागला होता. खूप पोती. त्यातलं एक मांडवाच्या खांबाला अडकून फाटलं, आणि खातर म्हणजे शेणखत, हे सगळ्या गल्लीला एकाच वेळी कळलं.

काजल भरजरी शालू नेसून दारात आली होती. नाकाला पदर लावून ती म्हणाली, "फुवा, माझी काही हरकत नाही. मी थांबेन तीन-चार वर्षं. तुम्ही त्यांच्याकडच्यांना विचारा." आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेव्हा मात्र मला खरोखर जमिनीत जावंसं वाटलं. खड्डा असता तर गेलोही असतो.

दिगंबरने दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, तुम्हीच नाही म्हणालात, पेट्या दुसऱ्याला गेल्या. तयार रस मिळतो त्या डेअऱ्यांना फोन लावले. सुट्टीचा दिवस! रस खलास. तोवर वैजूने पातेलं उचललं आणि गल्लीच्या मधोमध जाऊन तीन भाषांत ओरडली, की ज्याच्या पलंगाखाली केरी असेल त्याने ती घेऊन बाहेर यावं!

सुरतेत मे महिन्यात पलंगाखाली केरी नसलेलं घर नाही. दारं उघडली. कुणी पेंढ्यातली केसर आणली, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळलेला लंगडा. समोरच्या काकी तोतापुरी घेऊन आल्या, वरच्या मजल्यावरच्या ओडिया कुटुंबाने दशेरी दिली. ज्या जाती निवडायला मी कामरेजपर्यंत गेलो होतो, त्या सगळ्या माझ्या झोपायच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर पिकत होत्या.

"सगळे एकत्र पिळायचे?" मी क्षीण आवाजात म्हटलं. "जातीजातीचा रस वेगळा..."

"तुम्ही," वैजू म्हणाली, "फक्त कोयी काढा. बोलू नका."

मी कोपरापर्यंत रसात असताना आप्पा आले. वेळेच्या आधी! सोबत सगळं वऱ्हाड. आणि आप्पा सरळ आले ते झाडांपाशी. पांढरं धोतर, टोपी, भुवया जोडलेल्या.

"पाहुणा, हाई काय शे?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघू लागली. खरं सांगावं असं मनात होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "आप्पा, ही आमच्या कोकणातली प्रथा! मुलगी ज्या घरात जायची, त्या घराला साखरपुड्याच्या दिवशी आंब्याची कलमं द्यायची. मुलगी आणि कलम, दोन्ही एकदमच त्या मातीत रुजतात." (अशी प्रथा कोकणात कुठेही नाही. असती तर आम्ही परवडत नाही म्हणून केव्हाच बंद केली असती.)

आप्पा वाकले आणि फाटक्या पोत्यातलं मूठभर खत उचललं. मी डोळे मिटले. आप्पांनी ते बोटांत चुरलं, वास घेतला.

"काय मस्त कुजेल शे!" ते म्हणाले.  "सारी जिंदगी इथे सुरतेत, बमरोलीत कापडात गेली हो पाहुणा. आता गावी जाऊन वावर करायचं मनात होतं. पोरं हसत होती. तुम्हीच मनातलं ओळखलं!" आणि रसाने बरबटलेल्या मला त्यांनी पोटाशी धरलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर माझे दोन्ही पंजे उमटले. दिगंबरने आकाशाकडे बघून हात जोडले.

मी सुटलो असं वाटलं, तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "मग या झाडांचे खड्डे कोण करतं? प्रथा काय शे?"

"ते काय, मजूर..." मी सुरुवात केली.

"मुलीचा फुवा!" वैजू ठसक्यात म्हणाली. "आमच्या कोकणात खड्डे मुलीच्या फुव्यानेच खणायचे असतात. स्वतःच्या हाताने."

रस अप्रतिम झाला. केसरचा वास, लंगड्याची गोडी, तोतापुरीची किंचित आंबट झाक. असला रस मी राजापुरात कधी प्यालेलो नाही. (हे वाक्य गावाकडच्यांनी वाचू नये.) आप्पांनी वाटीमागून वाटी मागवली आणि शेवटी विचारलं, "कोणता आंबा हाई?"

"गल्लीचा," दिगंबर म्हणाला.

साखरपुडा थाटात झाला. आणि पुढच्या आठवड्यात मी अमळनेराजवळ आप्पांच्या वावरात, डोक्याला ओला पंचा बांधून, कुदळ घेऊन उभा होतो. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापवायचे असतात म्हणे. खानदेशची काळी माती मे महिन्यात माती नसते, डांबर असतं. मी कुदळ मारली की ती टणकन परत माझ्याच दिशेने यायची. आप्पा लिंबाच्या सावलीत बसून आपुलकीने सांगत होते, "अजून हातभर, पाहुणा. मूळ खोल जाऊ द्या." दर थोड्या वेळाने वैजू येऊन खड्ड्यात डोकावायची, मी जिवंत आहे एवढं बघायची आणि परत जाऊन बसायची. हाताला फोड आले, ते फुटले, त्यांच्या जागी नवे आले. सगळी कलमं मात्र जगली.

काजलचा संसारही छान रुजला. तिची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती इतरांची. आप्पांनी 'कोकणातली प्रथा' बमरोलीत सांगितली, तिथून ती गोडादऱ्यात आली, आणि आता तिकडे साखरपुडा म्हटला की आंब्याची कलमं आणि कुदळ घेतलेला मुलीचा फुवा, हे ठरूनच गेलं आहे. मला अनोळखी माणसांचे फोन येतात. आवाज दमलेले असतात. परवा एक फुवा धापा टाकत विचारत होता, "साहेब, तुमच्या शास्त्राप्रमाणे पहिली कुदळ कुठल्या दिशेने मारायची? पूर्वेकडून की उत्तरेकडून?"

मी घसा खाकरून, शास्त्रीबुवांच्या आवाजात सांगितलं, "सावलीकडून."